हाड म्हटलं की येणारी

रत्ने, तू गेलीस आणि आपलं भांडण अर्धंच राहिलं. दुसऱ्या कोणाबरोबर ते पुढं चालवता येत नाही, कारण दुसऱ्या कोणाला ते भांडण वाटतच नाही. एका कुत्रीच्या नावावरून पन्नाशीला टेकलेल्या दोन बाया वर्षानुवर्षं तोंडाला तोंड देतात, हे ऐकून लोक हसतात. तेरवीला तुझ्या मावसबहिणीला सांगायला गेले तर ती म्हणाली, तुमाले दुसरा धंदा नव्हता काय. धंदे होते की. तुझी एसटीची कंडक्टरकी होती, माझं पिको-फॉलचं दुकान होतं. तरी संध्याकाळी ड्यूटी संपवून तू माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन टेकायचीस, कुत्री तुझ्या पायाशी अंग टाकायची, आणि विषय हटकून तिथंच यायचा.

ती कशी आली ते मला तोंडपाठ आहे. तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस आणि मी मशीन चालवत ऐकायचे. मंगरूळपीरच्या स्टँडवर, चहाच्या टपऱ्यांमागं ती जन्मली. आई कुठल्याशा गाडीखाली गेली. पिलू एकटंच टपऱ्यांपुढं फिरायचं आणि जो तो त्याला हाड म्हणायचा. चहावाला हाड, भजेवाला हाड, बाकड्यावर बसलेले उतारू हाड. दुसरा शब्दच कधी कानावर पडला नाही, तेव्हा त्या येडीनं समजून घेतलं की हे आपलं नाव आहे. कोणी हाड म्हटलं की शेपूट हलवत पळत त्याच्याकडं जायची. लोकांना वाटायचं किती निर्लज्ज कुत्रं आहे. मग एकानं उकळतं पाणी फेकलं. पाठीवरची ती जागा पुढं कायम उघडीच राहिली, तिथं केस आले नाहीत. त्या दिवशी तू ड्यूटी संपल्यावर काळीपिवळीत बसलीस ती मांडीवर कापडी पिशवी घेऊन, आणि पिशवीत ती. वाशीम येईपर्यंत शेजारची बाई विचारत होती म्हणे, की पिशवी काहून हालून राह्यली.

आपण तिला नावं शोधली. तू पिंकी म्हणून पाहिलंस, मी राजी म्हणून पाहिलं. ती ढिम्म. तेवढ्यात माझ्या सासूबाई वॉकर टेकत दारात आल्या, कुत्रं पाहिलं आणि सवयीनं हाड म्हणाल्या. ती जी उठली ती थेट त्यांच्या लुगड्याशी. मी धावत जाऊन वॉकर धरला म्हणून बरं. तू हसता हसता खालीच बसलीस. त्या दिवसापासून ती हाड. लाडात असलीस की हाडू. गल्लीतल्या लोकांना वाटायचं बरगड्या दिसतात म्हणून ते नाव आहे.

मी तुला म्हटलं होतं की हे बरोबर नाही. जनावराला शिकवावं लागतं. हाड म्हणजे जा, हे कुत्र्याला कळलं नाही तर एक दिवस ती मार खाऊन मरेल. तू पोलक्याच्या बाहीनं घाम पुसत म्हणालीस, "मंदे, साऱ्या जगाले तिले हाडच म्हणायचं हाये. तिले वाटते आपल्याले बोलावून राह्यले. वाटू दे ना व. तुयं काय जाते?"

"अन् कोणं दगड हाणला मंग?"

"मी हाये ना," तू म्हणालीस.

रत्ने, हे म्हणायला तुला काही वाटलं नाही. मी हाये ना. जसं काही सरकारी हुकूम घेऊन आली होतीस.

तुझंही तसंच होतं, आणि हे मी तुला कधी तोंडावर बोलले नाही. नवऱ्यानं घराबाहेर काढलं तरी त्याच्या आईच्या आजारपणात तू डबा घेऊन गेलीस. भावजय दिवाळीला फोनवर म्हणायची, "पाहा, जमलं तं या." त्या जमलं तंचा अर्थ अख्ख्या वाशीमला कळत होता. तू मात्र पोट्ट्यांचे कपडे घेऊन पहिल्या गाडीनं हजर. मला तुझा राग यायचा. एवढी शिकली-सवरली बाई, दिवसभर चारशे तऱ्हेची माणसं पाहते, आणि हिला कोणी हाकललेलं कळत कसं नाही? आता वाटतं, कळत असावं. कळून कोणी येत असेल तर त्याला काय म्हणायचं, ते मला ठाऊक नाही.

माझे हे गेले तेव्हाचं आठवतं का? घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला कोणाचं तोंड बघवत नव्हतं. तू आलीस. मी सगळ्यांसमक्ष तुला म्हणाले की तू जा इथून, मला कोणी नको आहे. बाकीच्या बाया चुळबुळ करत उठल्या. तू उठून स्वयंपाकघरात गेलीस आणि कुकर लावलास. मग कित्येक दिवस तू ड्यूटीवरून उतरलीस की आधी माझ्या घरी यायचीस, सासूबाईंना जेवू घालायचीस, माझ्यासमोर ताट ठेवायचीस आणि एक शब्द न बोलता भांडी घासायला बसायचीस. मी त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. उलट भांडी नीट निघाली नाहीत असं मात्र एकदा म्हटलेलं आठवतं.

तू कशी गेलीस ते लिहीत नाही. ते तुला माहीत आहे आणि मला आठवायचं नाही. दहाव्याचं मात्र तुला सांगितलं पाहिजे, कारण ते पाहायला तू पाहिजे होतीस.

तलावाच्या घाटावर सगळे जमले होते. तुझा भाऊ दिलीप, भावजय, डेपोतली माणसं, गल्लीतली माणसं. पिंड मांडला आणि कावळ्याची वाट पाहणं सुरू झालं. कावळे होते. समोरच्या लिंबावर बसून आमच्याकडं बघत होते, पण खाली एकही उतरेना. दिलीपनं हात जोडले, तुझ्या भाच्यांचं नीट पाहीन म्हणाला. भावजयीनं हात जोडले. लोक एकमेकांत कुजबुजू लागले की रत्नाबाईचा जीव कशात अडकला असेल. मला ठाऊक होतं कशात. हाडूला मी माझ्या मागच्या अंगणात दोरीनं बांधून आले होते.

दोरी तिनं तोडली असणार, कारण ती घाटाच्या वरच्या पायरीवर दिसली. गुपचूप बसली होती, तोडलेलं दावं गळ्यात. ती खाली आलीच नसती, रत्ने. माणसांची गर्दी पाहून बिचकली होती. पण दिलीपची नजर गेली. त्यानं टाळी वाजवली आणि ओरडला, हाड. त्याच्यामागं गुरुजी ओरडले, मग तुझे काका, मग सगळेच. हाड, हाड, हाड. एवढ्या माणसांनी एका वेळी तिला जन्मात कधी बोलावलं नव्हतं. ती काय आनंदानं पायऱ्या उतरली! ज्यानं हात उगारला त्याच्या पायाशी गेली, ज्यानं काठी उचलली त्याच्या अंगावर उडी मारली, आणि सगळ्यांना भेटून झाल्यावर समोर भात दिसला तो खाल्ला.

पिंड कुत्र्यानं खाल्ला. मला हसू आलं. खरं सांगते, पदर तोंडात कोंबला आणि हसले, आणि हसता हसता रडू कोसळलं. बायांना वाटलं शोक अनावर झाला. दिलीपनं लाकूड उचललं तेव्हा मी मधे जाऊन उभी राहिले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून वेळ निभावून नेली. घरी आल्यावर दिलीप मला म्हणाला, "ताईचा पिंड खाल्ला त्यानं. ते कुत्रं मले या दारात दिसलं नाई पायजे." तेरवी झाल्यावर त्यानं तुझ्या घराला कुलूप लावलं.

त्यानंतर तिला घर शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझं घर भाड्याचं. घरमालक शेजारीच राहतो आणि देवभोळा माणूस. त्यानं सांगितलं, पोळ्यापर्यंत ठेवा, मंग आपल्या जागेत नको. गल्लीचे दोन तट पडले. निम्म्यांच्या मते ती अपशकुनी, निम्म्यांच्या मते तिच्यात रत्नाच आली आहे. अपशकुनी कुत्रं कोणाला घरात नको, आणि रत्ना तर जिवंतपणीही कोणाला घरात नको होती. पोट्टे दगड मारू लागले. दगड मारताना ते काय ओरडतात ते तुला सांगायला नको. दगड ज्या दिशेनं यायचा त्या दिशेला ती पळायची. एक डोळ्याच्या वर लागला. मी हळद दाबून भरली तेव्हा ती माझा हात चाटत होती.

नव्या वस्तीतल्या एका सरांना राखणीसाठी कुत्रं पाहिजे होतं. मी तिला आंघोळ घातली, पाठीवरची उघडी जागा झाकेल असा गमछा बांधला आणि नेऊन दिली. त्यांना बजावलं की सगळं करा, फक्त एवढा एक शब्द म्हणू नका. ते हो हो म्हणाले. पण आपल्याकडं कुत्रं आडवं आलं की हाड आपोआप निघतं, शिंकेसारखं. त्याच संध्याकाळी त्यांच्याकडं पाहुणे आले, ती दारात पसरली होती, सर म्हणाले हाड, आणि तिनं दोन्ही पाय त्यांच्या छातीवर ठेवले. सर मागच्या मोटारसायकलवर पडले. रिक्षातून तिला परत आणून सोडलं आणि हात जोडून म्हणाले की मॅडम, हे कुत्रं शिकलेलं नाही. मी तुझ्यावर इतकी चिडले, रत्ने, की समोरच्या तुझ्या कुलूप लावलेल्या दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाले, पाहा आता.

मग मी शिकवायला बसले. तुला आवडलं नसतं. म्हणूनच बसले, असंही समज.

आधी नवं नाव दिलं. सोनी. सोनी म्हणायचं आणि ज्वारीच्या भाकरीचा तुकडा द्यायचा, वर थोडं दूध. हे तिला झटक्यात जमलं, खाण्याचा विषय होता ना. आयुष्यात आपल्याला दोन नावं आहेत म्हणून तर ती खूशच झाली असावी. अवघड होतं ते दुसरं. मी हाड म्हणायचे, ती यायची, मी तोंड फिरवायचे. ती दुसऱ्या बाजूनं येऊन माझं तोंड शोधायची. मी पुन्हा पाठ करायचे. तिला वाटायचं खेळ आहे. शेवटी मी स्टीलची थाळी आणली. हाड म्हणायचं आणि तिच्या समोर फरशीवर थाळी आपटायची. थाळीच्या आवाजानं ती भिंतीला चिकटली, आणि भिंतीला चिकटून शेपूट हलवत राहिली. बोलावतेय तर खरी, मग असं का करून राह्यली, असं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. मला थाळी फेकून द्यावीशी वाटली. पोळा जवळ येत होता, मी ती पुन्हा आपटली.

एके दिवशी मी हाड म्हटलं आणि थाळी उचललीच नाही. तरी तिचे कान पडले. ती हळूहळू मागं सरकली, न्हाणीच्या कोपऱ्यात गेली आणि तिथून माझ्याकडं बघत राहिली. जमलं होतं. मी आत येऊन गॅस पेटवला, भाजी टाकली, आणि भाजी करपेपर्यंत तिथंच उभी राहिले.

सासूबाईंवर प्रयोग करून पाहिला. त्या दारातून हाड म्हणाल्या, ती उठली आणि दूर गेली. मला वाटलं म्हातारीला सुटल्यासारखं होईल, आता पडायची भीती नाही. त्या वॉकर धरून तिच्या मागं दोन पावलं आल्या. मग म्हणाल्या, "पयले येत जाय व. आता काहून येत नाई?"

"शिकली ती," मी म्हटलं.

"कायले शिकवलं?" म्हातारी म्हणाली आणि आत गेली. रत्ने, माझ्या घरात तुझा वकील राहत होता आणि मला पत्ता नव्हता.

केनवडच्या सुमनबाई माझं जुनं गिऱ्हाईक. लेकीच्या लग्नाच्या सगळ्या साड्यांना फॉल मीच लावले होते. लेक सासरी गेली, आता त्या आणि त्यांचे मालक शेतातल्या घरात दोघंच नवराबायको राहतात. सोयाबीनमध्ये रानडुकरं घुसतात म्हणून त्यांना कुत्रं हवं होतं, आणि खरं तर डुकरांपेक्षा जास्त बोलायला कोणीतरी हवं होतं, हे त्या ब्लाउजचं माप देता देता बोलून गेल्या. त्यांची अट एकच होती, कुत्रं ऐकणारं पाहिजे. त्यांचे मालक गुडघ्यांनी अधू, कोणी अंगावर उडी मारलेली त्यांना चालणार नव्हती. मी सांगितलं की ऐकते. सुमनबाईंनी दुकानातच तिला जवळ घेतलं, पाठीवरच्या त्या उघड्या जागेवरून हात फिरवला आणि विचारलं की हे कोणी केलं. मी सगळं सांगितलं, पिंडाचंही सांगितलं. वाटलं, आता नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "भुकेला जीव व बाई. खाल्लं तं खाल्लं." तेव्हाच मी ठरवलं की हेच घर.

पोळ्याच्या आधी ओळखीच्या रिक्षावाल्याची ॲपे घेऊन आम्ही गेलो. सासूबाईंनी तिच्यासाठी फडक्यात पोळी बांधून दिली होती. रस्ताभर तिनं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं होतं आणि डोळे बाहेर लावले होते. केनवडला पोचलो तेव्हा सुमनबाईंनी तिला वाटीभर दूध दिलं, तिच्यासाठी पडवीत पोतं टाकून ठेवलं होतं ते दाखवलं. त्यांच्या मालकांनी बाजेवरून हाक मारली, सोनी, ये बाप्पा. ती गेली, अगदी हळू गेली, आणि त्यांच्या पायाशी शहाण्यासारखी बसली. उडी नाही, काही नाही. ते म्हणाले, गुणाचं हाये. मी चहा घेतला. सगळं चांगलं होतं, रत्ने. मी घर चांगलं पाहिलं, याबद्दल तू मला नावं ठेवू शकणार नाहीस.

मी निघाले आणि ती निघाली. ॲपे शेताच्या धुऱ्याकडच्या वाटेनं रस्त्याला लागेपर्यंत ती मागं पळत होती. मागून सुमनबाई सोनी, सोनी करत येत होत्या, पण ती वळून बघेना. पुढं मोठा रस्ता, ट्रकांचा. मी रिक्षा थांबवून उतरले. ती येऊन माझ्या पायाशी उभी राहिली, जीभ बाहेर, छाती भात्यासारखी हलत होती. सोनी म्हणावं तर ती आणखी जवळ येणार. जा म्हणावं तर जा तिला माहीतच नाही. सगळ्या जगात एकच शब्द होता तिला परत पाठवायला, आणि तो तूच तिचं नाव म्हणून ठेवलेला होता.

मी हाड म्हणाले.

तिचं शेपूट एकदा हललं, जुन्या सवयीनं. मग तिनं माझ्या हातात थाळी आहे का ते पाहिलं. थाळी नव्हती. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. तिचे कान पडले, मान खाली गेली, आणि ती वळून सुमनबाईंकडं चालू लागली. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. सुमनबाईंनी खाली बसून तिला पोटाशी धरलं, तेवढं मी पाहिलं.

रिक्षात येऊन बसले तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "चांगलं शिकवलं ताई तुमी. एका शब्दात ऐकते."

मी त्याला हो म्हणाले. वाशीम येईपर्यंत तो त्याच्या भावाच्या कुत्र्याबद्दल सांगत होता, ते काही केल्या ऐकत नाही म्हणून. मी ऐकत होते. भांडण मी जिंकले, रत्ने. तिला आता कळतं लोक काय म्हणतात ते.